उभं राहायचा तास

मेडिकलच्या पहिल्या वर्षात मी बोलणं बंद केलं, आणि ते सगळ्यात उशिरा माझ्या स्वतःच्या लक्षात आलं.

त्याआधी मी चांगलीच बडबडी होते. भाटघरला धरणाच्या खालच्या अंगाला सरकारी चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. वडील धरणावर चौकीदार. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. आई अंगणवाडी सेविका. मी भोरला मराठी शाळेत जायचे आणि एसटीत शेजारी बसेल त्याला त्या दिवशीचा धडा समजावून सांगायचे. बाजाराला निघालेल्या बायकांनी माझ्याकडून अख्खी पचनसंस्था ऐकलेली आहे. एकीने मधेच विचारलं होतं, मग आमचं जळजळतं ते नेमकं कुठं, आणि मी तिच्या पोटावर बोट ठेवून जागा दाखवली होती. डॉक्टर व्हायचं ते तेव्हाच ठरलं असं घरचे सांगतात. मला तसं काही आठवत नाही. समजावून सांगायला आवडायचं, एवढंच खरं.

मेडिकलला नंबर लागला तेव्हा वस्तीतल्या विहारात वंदना झाली आणि मग माझा सत्कार झाला. आईच्या माहेरी, वेल्ह्याकडच्या पासलीला, मामाने भावकीतल्या सगळ्यांना जेवायला बोलावलं. आपल्यातली पहिली डॉक्टरीण, असं तो ज्याला-त्याला सांगत होता. मी अठरा वर्षांची होते आणि मला हे सगळं आवडलं होतं. पुढे त्याच गोष्टीमुळे घरी खरं सांगणं मला अवघड जाईल हे तेव्हा कुणाच्या ध्यानात येणार?

कॉलेज दुसऱ्या शहरात होतं, घरापासून दिवसभराच्या प्रवासावर. पहिल्या वर्षाचा मुख्य विषय अ‍ॅनाटॉमी, म्हणजे शरीररचना. तास पायऱ्यापायऱ्यांच्या मोठ्या हॉलमध्ये व्हायचा. आम्ही दोनशे जण होतो. सर निवृत्तीला आलेले, उंच, इस्त्रीच्या पांढऱ्या कोटातले. ते पडद्यावर एकामागून एक चित्रं दाखवत आणि इंग्रजीत इतक्या वेगाने बोलत की माझी वही अर्ध्या वाक्यांनी भरलेली असायची. मग ते हजेरीपटातला एखादा नंबर पुकारायचे. नाव कधीच नाही. उत्तर आलं नाही तर तास संपेपर्यंत उभं राहायचं. पंधरा-वीस मिनिटांत तीस-चाळीस मुलं-मुली उभी असायची. मुलं त्याला उभं राहायचा तास म्हणायची आणि हसायची. माझ्या शेजारची मुलगी उभ्या उभ्या दुसऱ्या विषयाचं जर्नल पुरं करायची. तिला खरंच काही वाटायचं नाही. मला वाटायचं, आणि आपल्यालाच का वाटतं याचंही वाटायचं.

दिवाळीच्या आधी डिसेक्शन हॉलमध्ये, जिथे मृतदेहावर शिकवतात तिथे, सरांनी माझा नंबर पुकारला. दंडाच्या हाडामागून जाणारी एक शीर दाखवली आणि ती दबली तर काय होईल असं विचारलं. मला येत होतं. आमच्या चाळीतल्या एका काकांचा हात खुर्चीच्या पाठीवर टाकून झोपल्यामुळे तसा झाला होता, महिनाभर त्यांना पंजा वर उचलता येत नव्हता. मी इंग्रजीत सुरुवात केली, शब्द अडला, आणि तोंडातून गेलं, "मनगट लुळं पडतं, सर." आजूबाजूला हसू फुटलं. सर हसले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "कोणत्या भाषेत डॉक्टर होणार आहात आपण?" आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले.

मला राग आला असता तर बरं झालं असतं. मला त्यांचं पटलं. आपण चुकून इथे आलो आहोत, हे त्यांना दिसलं आणि त्यांनी सांगितलं, असंच मला वाटलं.

त्यानंतर काय झालं ते क्रमाने सांगता येत नाही, कारण एके दिवशी असं काही झालंच नाही. मी हात वर करणं सोडलं. मग मागच्या पायरीवर बसायला लागले. मग सकाळचा पहिला तास बुडायला लागला. चाचणीचे गुण क्रमाने लावून बोर्डावर लागायचे; माझा नंबर कुठे आहे ते पाहायला मी खालून सुरुवात करायचे. पुस्तकाचं एकच पान आठ-नऊ दिवस उघडं राहायचं. मेसमध्ये ताटासमोर बसले की पोळीचा तुकडा मोडणं हेच मोठं काम वाटायचं. रडू मात्र कधी आलं नाही. लोकांना वाटतं अशी माणसं रडत असतील. मला काहीच होत नव्हतं, आणि तेच होत होतं. मरावं असं मी ठरवलं नव्हतं. पण सकाळी जाग आली नाही तरी चालेल, असं वाटायचं. आईचा फोन यायचा. जेवलीस का? जेवले. अभ्यास? चालू आहे. माझ्या तोंडी दिवसभरातले शब्द म्हणजे एवढेच.

सत्र परीक्षेच्या सकाळी मी कपडे घालून, ओळखपत्र गळ्यात अडकवून खाटेवर बसले. जिन्यात मुलींची पळापळ ऐकू येत होती, मग ती थांबली. मी बसूनच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरली आणि घरची एसटी पकडली.

दारात मला बघून आईने माझी बॅग घेतली. पाणी दिलं. दादा ड्युटीवर होते. ते आल्यावर तिने त्यांना इतकंच सांगितलं की पोरगी दमली आहे. तिसऱ्या दिवशी ती मला तिच्याबरोबर अंगणवाडीत घेऊन गेली. मुलं घरी गेल्यावर तिने मला गरोदर बायकांच्या वजनकाट्यावर उभं केलं. कॉलेजला जातानाचं माझं वजन तिला पाठ होतं. आता काटा त्याच्या अकरा किलो खाली थांबला. पंचवीस वर्षं ती दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं घेत आली होती. ती काट्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "तुला काय झालंय त्ये मला कळत न्हाई. पण तू आजारी हाईस, एवढं मला कळतं." त्या दिवसापर्यंत मी आजारी असेन हे मला सुचलंच नव्हतं. मी आळशी आहे, कमी पडणारी आहे, असंच मी धरून चालले होते.

घरात सगळ्यांचं मत पडलं की हवापालट करावा. म्हणून मला पासलीला पाठवलं. भाताची कापणी उरकून झोडपणी चालू होती, घरात दिवसा कुणी नसायचं. मी आतल्या खोलीत पडून असायचे. सुट्टीला येणारे पाहुणे म्हणतात की इथे डोंगर बघूनच माणसाला बरं वाटतं. मला डोंगर दिसत होते, एवढंच. संध्याकाळी शेजारच्या बायका दुखणी घेऊन यायच्या. डॉक्टरीण आली म्हणून गुडघा, कान, लेकराचा खोकला. मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचे आणि मामी त्यांना सांगायची, लई अभ्यास झालाय, झोपू द्या तिला. पंधरा दिवसांनी मी होते तशीच परत आले, वर आणखी एक लाज घेऊन.

मार्ग शेवटी आईनेच काढला. तिच्या मासिक बैठकीत कुणीतरी सांगितलं होतं की भोरच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस पुण्याहून मनाचे डॉक्टर येतात. दादांना ते पटलं नव्हतं. लोक काय म्हणतील यापेक्षा, कॉलेजला कळलं तर पोरीला काढून टाकतील, ही त्यांची धास्ती होती. आईने वाद घातला नाही. त्या दिवशी रजा टाकली आणि मला एसटीत बसवलं.

बाकावर आमच्या आधी एक फिट येणारी मुलगी, एक दारू सोडायला आलेला माणूस आणि झोप न येणाऱ्या दोन आजी होत्या. डॉक्टर साधे, चाळिशीचे. त्यांनी झोप, भूक, आंघोळ, सगळं विचारलं. जगावंसं वाटतं का, हेही सरळ विचारलं, जसं आपण खोकला आहे का विचारतो तसं. मी पहिल्यांदा खरं उत्तर दिलं. मग त्यांनी विचारलं, वर्गात कसं शिकवतात? कशासाठी विचारत असतील कळेना, पण मी हॉलचं सांगितलं, उभं राहण्याचं सांगितलं, बोर्डावरच्या गुणांचं सांगितलं. ते स्वतः त्याच वाटेने आलेले होते.

मी विचारलं, म्हणजे हे त्या हॉलमुळे झालं का?

ते म्हणाले, "हॉलमध्ये दोनशे जण होते, सगळे आजारी पडले नाहीत. पण म्हणून हॉलकडे बोट दाखवायचंच नाही, असंही नाही. ओल सगळ्याच भिंतींना लागते, पडते एखादीच. आपण आधी भिंत सावरू."

या आजाराला नैराश्य म्हणतात हे त्यांनी सांगितलं. गोळी दिली. दोन-तीन आठवडे काही वाटणार नाही, तरी चुकवायची नाही, असं बजावलं. दर आठवड्याला येऊन बसायचं, बोलायचं. माझ्यासमोर त्यांनी आईला सांगितलं की एकटं सोडू नका. आईने ते अक्षरशः घेतलं. मी संध्याकाळी धरणाच्या रस्त्याने फिरायला निघाले की ती हातातलं काम टाकून चपला घालायची. धरणापर्यंत आणि परत, बरोबर चालायची.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी आई सुकटीची चटणी करत होती आणि मला तिचा वास आला. वास रोजच येत असणार, पण त्या दिवशी भूक लागली. मी उठून भाकरी मागितली. आईने ती दिली आणि शेगडीकडे तोंड करून बराच वेळ पदराने डोळे पुसत राहिली. धूर झालाय, म्हणाली. घरात गॅस होता.

कॉलेजात परत गेले तोवर माझी तुकडी पुढे गेली होती. सहा महिन्यांनी मागे राहिलेल्यांची वेगळी छोटी तुकडी असते, त्यात मला बसवलं. आम्ही नऊ जण होतो. नापासांची तुकडी म्हणून कुणी आमच्यासाठी तो मोठा हॉल उघडायचं नाही, आणि हेच आमच्या पथ्यावर पडलं. फिजिऑलॉजी, म्हणजे शरीर कसं चालतं तो विषय, शिकवायला एक नव्या मॅडम आल्या होत्या. त्या आम्हाला प्रयोगशाळेतल्या एका टेबलाभोवती बसवायच्या आणि स्वतःही तिथेच बसायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, तुमच्यापैकी भाताची लावणी कुणी केली आहे? मी आणि आणखी एकाने हात वर केला. मग लावणी करून एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी का येते, ते सांगा, असं त्यांनी मला सांगितलं. मी इंग्रजी शब्द जुळवायला लागले. त्या म्हणाल्या, "इंग्रजीत नको. आईला सांगतेस तसं सांग."

मी सांगायला लागले. वाकलेलं असताना रक्त कुठे असतं, उठल्यावर कुठे उतरतं, नाडी का वाढते. एका ठिकाणी चुकले. मॅडमनी चूक सांगितली नाही, शेजारच्याला विचारलं, तुला पटतं का? त्याला पटलं नव्हतं. मग आम्ही एकमेकांचा रक्तदाब बसून आणि उभं राहून मोजला आणि कोण बरोबर ते आकड्यांवरून पाहिलं. शेवटी मॅडमनी तेच सगळं आमच्याकडून इंग्रजीत लिहून घेतलं. तास संपल्यावर माझ्या लक्षात आलं, मी वीस मिनिटं बोलत होते.

मी त्या वर्षी पास झाले. गोळ्या आणखी काही महिने चालू होत्या. कशाने किती बरं वाटलं हे मी वेगळं करून सांगू शकत नाही. गोळीने किती, आईने किती, त्या टेबलाने किती. पण माझं डोकं पूर्वीचंच होतं, एका खोलीत ते बंद पडलं होतं आणि दुसऱ्या खोलीत चाललं, हे मात्र मी पाहिलं.

अ‍ॅनाटॉमीच्या सरांना मी शेवटच्या वर्षाला असताना पुन्हा भेटले. ते निवृत्त होणार होते आणि एका अर्जावर त्यांची सही हवी होती. त्यांनी माझा चेहरा ओळखला. आजारी होतात ना तुम्ही, म्हणाले. कशाने, ते मी सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. कदाचित ते आता जाणार होते म्हणून. त्यांच्या खोलीत एक जुना काळा फळा होता. वरच्या वर्गातली मुलं सांगायची की पूर्वी, पडदा आणि चित्रं यायच्या आधी, सर दोन्ही हातांत खडू घेऊन फळ्यावर माणसाचं शरीर काढायचे आणि बाहेरची माणसंसुद्धा बघायला यायची. आमच्या तुकडीने ते कधीच पाहिलं नव्हतं.

सरांनी अर्ज पुढे ओढला. मग म्हणाले, "आम्हाला असंच शिकवलं. मी टिकलो, म्हणून ते बरोबर, असं मी धरून चाललो. आमच्या तुकडीतले दोघं सोडून गेले. कुठे गेले, मी कधी विचारलं नाही."

ते माफी मागत नव्हते आणि मी ती मागायला गेले नव्हते. सही झाल्यावर मी त्यांना हाताच्या शिरांचं चित्र काढून दाखवाल का, असं विचारलं. ते उठले. पाच रंगांचे खडू कपाटातून निघाले. मानेपासून बोटांपर्यंत शिरांचं ते सगळं जाळं त्यांनी दोन्ही हातांनी काढलं, न थांबता, प्रत्येक शीर कुठून निघाली, कुठे वळली, कुठे दबते ते साध्या मराठीत सांगत. दहा मिनिटांत मला जे कळलं ते मी आजही विसरलेले नाही. असं शिकवू शकणारा माणूस दोनशे जणांपुढे नंबर पुकारत का उभा राहिला, हे कोडं मला सुटलेलं नाही. दोनशे जण हेच त्याचं उत्तर असेल, किंवा त्यातलं अर्धं.

पुढे मी सरकारी नोकरीत आले आणि काही वर्षांनी बदली मागून घेऊन वेल्हे तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात आले. लग्न झालं, मुलगी झाली. ती झाल्यावर आजार पुन्हा एकदा आला. या वेळी ओळखीचा होता, मी पहिल्या महिन्यातच औषध सुरू केलं. आमच्या केंद्रावर मेडिकल कॉलेजमधून इंटर्न येतात. शेवटची परीक्षा पास झालेले, वर्षभर हाताखाली काम करणारे नवे डॉक्टर. मी चांगलं शिकवते, असा माझा समज होता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तीन इंटर्न होते, त्यातली एक मुलगी परजिल्ह्यातली, मास्तरांची लेक. नेमून दिलेलं काम करायची, आवाज नाही. एका सोमवारी बाहेर व्हरांडाभर माणसं बसलेली. डोंगराकडच्या गावातून एक मावशी धाप लागते म्हणून आल्या होत्या, पायाला सूज. मी त्या मुलीला विचारलं, आधी काय तपासाल? ती चाचरली. पुन्हा विचारलं. ती खाली बघायला लागली. मला उशीर होत होता. मी म्हणाले, साडेचार वर्षं काय केलंत मग? आणि पुढे म्हणाले, उत्तर आठवेपर्यंत इथेच उभ्या राहा.

माझ्या तोंडून निघालेलं ते वाक्य मला ऐकू आलं, तरी मी थांबले नाही. मावशींच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "बाई, पोरीला बसू द्या की. दुखणेकरी मी हाय, अन् उभी ती ऱ्हायली."

मी तिला बसायला सांगितलं. मावशींना तपासलं, औषध दिलं, भोरला पाठवायची व्यवस्था केली. त्या सकाळचे उरलेले पेशंट मी कसे पाहिले ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी कामावर आली नाही. बरोबरच्या इंटर्नने सांगितलं की बरं नाही म्हणते. सकाळी साडेनऊला मी ओपीडी दुसऱ्या डॉक्टरांवर सोपवली आणि मागे इंटर्नच्या क्वार्टरमध्ये गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. बादलीत भिजवलेले कपडे तीन-चार दिवसांचे असावेत, त्यांना आंबूस वास सुटला होता. टेबलावर जेवणाचे तीन डबे, न उघडलेले. उघड्या पुस्तकाच्या पानावर धूळ. तिने उठायचा प्रयत्न केला आणि सॉरी मॅडम म्हणाली.

मी जमिनीवर बसले. काल मी चुकले, हे आधी सांगितलं. मग मी तिला ते सांगितलं जे मी कामाच्या ठिकाणी कुणालाही कधी सांगितलं नव्हतं. हॉल, मागची पायरी, परीक्षेच्या सकाळी खाटेवर बसून राहणं. फारसं काही जोडलं नाही, धीरही दिला नाही. ती छताकडे बघत ऐकत होती. जेवताना हात उचलणं जड जायचं, हे मी सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे मान वळवली.

"मग आता बरं आहे तुम्हाला?" तिने विचारलं.

मी म्हणाले, "आहे. मधे एकदा परत आलं होतं. औषध घेतलं, गेलं. येईल असं वाटलं तर पुन्हा घेईन."

तिने सांगितलं की दुसऱ्या वर्षापासून असंच चालू आहे. परीक्षा पास होत गेली म्हणून कुणाला कळलं नाही. कॉलेजने तिला एक मार्गदर्शक शिक्षक नेमून दिले होते. दर सत्राला एका छापील फॉर्मवर सगळं ठीक आहे असं लिहून ती त्यांची सही आणायची. दोघंही घाईत असायचे. जगावंसं वाटतं का, हे मी तिला सरळ विचारलं, मला विचारलं होतं तसं. तिने जे सांगितलं त्यानंतर मी तिला एकटी ठेवली नाही. सिस्टर तिच्याजवळ बसल्या, मी फोन केले, आणि दुपारी तिला घेऊन भोरला गेले. माझे जुने डॉक्टर आता तिथे येत नाहीत. त्यांच्या जागी एक तरुण बाई येतात, त्यांनी तिला तासभर दिला.

तिच्या वडिलांशी बोलणं सोपं नव्हतं. एवढी शिकून-सवरून हे काय, असं ते फोनवर दोनदा म्हणाले. मी त्यांना म्हणाले की मधुमेह झाला असता तर तुम्ही हेच म्हणाला असतात का? त्यांनी आमच्याकडे येणारी एसटी विचारली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते स्वतः एसटीने आले. मुलीच्या खोलीत गेल्यावर त्यांनी आधी ती कपड्यांची बादली उचलली आणि बाहेर नळावर जाऊन एकेक कपडा पिळून वाळत घातला. मग आत जाऊन बसले. कपडे वाळत घालणारा बाप पाहून मला वाटलं, हिचं ठीक होईल.

ती दोन महिने घरी राहिली. मधे एक औषध लागू पडलं नाही, बदलावं लागलं. मग परत आली, राहिलेले दिवस पुरे केले. आता ती दुसऱ्या जिल्ह्यात एका दवाखान्यात काम करते आणि लहान मुलांची डॉक्टर होण्यासाठी अभ्यासही करते. पूर्ण बरी आहे असं ती म्हणत नाही. बरेच दिवस चांगले जातात, असं म्हणते. कधीकधी एखादा अवघड पेशंट असला की माझ्या मोबाईलवर तिचा लांबलचक आवाजी निरोप येतो.

मी माझ्या शिकवण्यात काही मोठा बदल केला असं नाही. पेशंटसमोर प्रश्न विचारणं बंद केलं. विचारायच्या आधी करून दाखवते. ओपीडी संपली की जेवायच्या आधी आम्ही मागच्या खोलीत गोल बसतो आणि आज आपल्याला काय आलं नाही ते प्रत्येकाने सांगायचं. सुरुवात मी करते. पहिल्या दिवशी मुलं खोटंच काहीतरी साधं सांगतात. आठवड्याने खरं यायला लागतं. कुठल्याही भाषेत. मला अजूनही कधी गर्दीत आवाज चढवायची ऊर्मी येते, मग मी उठून व्हरांड्यात जाऊन येते. सिस्टरना हे माहीत आहे, त्या तोवर पुढचा केसपेपर काढून ठेवतात.

आईला निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. मागच्या महिन्यात ती आमच्याकडे राहायला आली होती आणि एका दुपारी मागच्या खोलीत आमच्यात येऊन बसली. नव्या इंटर्नपैकी एकाने सांगितलं की पासलीकडच्या एका बाळाचं वजन का वाढत नाही, ते त्याला कळलं नाही. मलाही सकाळी नीट कळलं नव्हतं, तसं मी सांगितलं. आईने विचारलं, पाजते कवा अन् कामाला जाते कवा, ते विचारलं का? आम्ही कुणीच विचारलं नव्हतं. त्याने वहीत लिहून घेतलं, आणि गुरुवारी बाळाला घेऊन यायला सांगा म्हणून मी त्या गावात घरोघरी आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंना फोन लावला.